मंगळाचे दगड आणि पाटोद्याची नजर

या पुस्तकातलं एकही छायाचित्र आपल्या भागातलं नाही. मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरनी तिथल्या विवरांची काढलेली ही छायाचित्रं आहेत. पाटोद्यातल्या काही हौशी मंडळींनी ती उतरवून घेतली, सांधली, त्यांचे रंग जुळवले, एकमेकांना दाखवली, त्यांवरून वाद घातले आणि शेवटी ‘आता याचं पुस्तकच करू’ असं ठरवलं. या मंडळींत शिक्षक आहेत, औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, बारावीची मुलं-मुली आहेत आणि ज्यांची उमर विहिरींवर सुरुंग लावण्यात गेली असे एक काका आहेत. मी भूगोल शिकवायचो, म्हणून प्रस्तावनेचं काम माझ्याकडं आलं.

एरवी मंगळाशी आपला संबंध पत्रिकेपुरता. ‘मुलीला मंगळ आहे’ एवढ्या तीन शब्दांनी मोडलेली स्थळं प्रत्येक गावात सापडतील. त्याच मंगळावरच्या खडकांचे थर आता आपल्या गावातल्या मुली मोबाईलवर बोटांनी मोठे करून मोजतात, याची मला मौज वाटते.

ही छायाचित्रं आपल्यापर्यंत पोचतात कशी, ते आधी सांगायला हवं. जानेवारी 2004 मध्ये स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी हे दोन रोव्हर तीन आठवड्यांच्या अंतरानं मंगळावर उतरले. त्याआधी अशा मोहिमांची सामग्री शास्त्रज्ञांकडं काही महिने राखून ठेवायची पद्धत होती. मोहिमेचे प्रमुख स्टीव्ह स्क्वायर्स आणि कॅमेऱ्यांचं काम पाहणारे जिम बेल यांनी मात्र आलेली छायाचित्रं जशीच्या तशी, लगोलग जगाला खुली करायची असं ठरवलं. जगभरचे हौशी लोक कामाला लागले. त्या रोव्हरचे मुख्य कॅमेरे खरं तर काळंपांढरंच टिपायचे. भिंगापुढं वेगवेगळ्या रंगांच्या काचा फिरवून एकाच जागेचे तीन-चार फोटो घ्यायचे आणि ते एकावर एक बसवले की रंगीत चित्र व्हायचं. हे बसवण्याचं काम घरबसल्या कुणालाही करता येत होतं. त्यातल्याच डग एलिसन नावाच्या एका इंग्रज हौशी माणसाला पुढं नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतच नोकरी मिळाली आणि तो रोव्हरच्या कॅमेऱ्यांच्या कामावर आला. आपल्या मंडळींपैकी एका मुलाला ही गोष्ट तोंडपाठ आहे. त्याच्या वडलांना ती मी दोनदा ऐकवली आहे, कारण ‘पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये असतं’ ही त्यांची तक्रार माझ्यापर्यंत आली होती.

2012 मध्ये उतरलेला क्युरिऑसिटी आणि 2021 मध्ये उतरलेला पर्सिव्हरन्स यांच्या मुख्य कॅमेऱ्यांतून रंगीत चित्रच येतं. तरी हौशी माणसाचं काम संपलेलं नाही. एका वेळी दिसतो तो तुकडा. वीस-तीस तुकडे जोडले की देखावा उभा राहतो. जोडताना कडा जुळत नाहीत, उन्हाचा कोन बदललेला असतो, एका तुकड्यात आभाळ उजळ तर शेजारच्यात मळकट. या पुस्तकातल्या मोठ्या देखाव्यांपैकी काहींत जोड दिसतात. मी ते पुसू नका म्हणालो. जोड दिसला की हे चित्र कुणीतरी बसून केलं आहे हे लक्षात राहतं.

पुस्तक सुरू होतं व्हिक्टोरिया विवरापासून, आणि हा क्रम मला पसंत आहे. ऑपर्च्युनिटी नव्वद दिवस चालेल असा हिशेब होता. तो एका विवरातून निघून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्याकडं असा चालत राहिला आणि सप्टेंबर 2006 मध्ये व्हिक्टोरियाच्या काठाला येऊन थांबला. विवराचा काठ झालरीसारखा आत-बाहेर वळलेला, पुढं आलेले सुळके, मध्ये खोलगट खाड्या, आणि तळाशी वाळूच्या लाटा. सुळक्यांना आणि खाड्यांना मॅगेलनच्या जलप्रवासात आलेल्या ठिकाणांची नावं दिली, कारण पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या त्याच्या ताफ्यातल्या जहाजाचं नावही व्हिक्टोरियाच होतं. 3 ऑक्टोबर 2006 रोजी वरून फिरणाऱ्या मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटरनं या विवराचा फोटो घेतला, तर त्यात काठावर उभा असलेला रोव्हर ठिपक्याएवढा दिसला. दोन्ही फोटो या पुस्तकात समोरासमोरच्या पानांवर आहेत. आधी डावीकडचा ठिपका शोधा, मग उजवीकडं त्या ठिपक्यानं काय पाहिलं ते पाहा.

आता या विवराचं माप. व्हिक्टोरियाचा व्यास पाऊण किलोमीटरच्या आसपास. आपलं लोणार 1.8 किलोमीटर. म्हणजे जगभरच्या लोकांनी डोळे विस्फारून पाहिलेलं हे विवर आपल्या लोणारच्या निम्म्याहून लहान! मंगळाच्या चित्रात माप कळत नाही ही मोठीच अडचण आहे. आपल्याकडं माळावर लांब एखादी म्हैस चरताना दिसली की अंतराचा अंदाज येतो. तिथं झाड नाही, जनावर नाही, विजेचा खांब नाही. समोरचा दगड मुठीएवढा की घराएवढा, हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही. म्हणून चित्रात कुठं चाकाची खूण दिसते का ते आधी बघावं. क्युरिऑसिटीचं चाक अर्ध्या मीटर व्यासाचं आणि सुमारे 40 सेंटिमीटर रुंद. त्या पट्ट्यावरून बाकीचं मोजता येतं. मोठ्या विवरांसाठी मंडळींनी नकाशावर तुलना दिली आहे, तीही चांगली आहे. पर्सिव्हरन्सचं जेझेरो विवर 45 किलोमीटरचं, त्यात पाटोदा ते बीड सरळ रेषेत मावतं. क्युरिऑसिटीचं गेल विवर 154 किलोमीटरचं, त्यात बीड ते छत्रपती संभाजीनगर मावून जागा उरते, आणि मधोमध साडेपाच किलोमीटर उंचीचा डोंगर उभा आहे.

रोव्हर विवरांतच का पाठवतात, असं गावात पुष्कळांनी विचारलं. याचं उत्तर आमच्या सुरुंगवाल्या काकांनी माझ्याहून चांगलं दिलं. ते म्हणाले, ‘सर, विहीर फुकट खांदलेली मिळाली तर कोण सोडंल?’ विहीर खणताना वरची काळी माती जाते, मग मुरूम लागतो, मग मऊ भुसभुशीत खडक, मधूनच लाल गेरूचा पट्टा, आणि खाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. उतरत जाल तसं जुनं लागतं. मंगळावर खोल खणायचं यंत्र नेणं अवघड, क्युरिऑसिटीचं छिद्र पाडणारं यंत्रसुद्धा बोटभर खोल जातं. पण उल्का आपटून झालेल्या खड्ड्याच्या भिंतीत थर उघडे पडलेले असतात. ऑपर्च्युनिटीनं तेच केलं. तो 22 मीटरच्या ईगल विवरात नशिबानंच उतरला, मग 130 मीटरच्या एन्ड्युरन्समध्ये गेला, मग व्हिक्टोरियात, आणि 2011 मध्ये 22 किलोमीटरच्या एन्डेव्हरच्या काठाला लागला. जसजसा मोठा खड्डा, तसतसा जुना खडक. काकांनी एन्ड्युरन्सच्या भिंतीचं चित्र पाहून कुठला थर कठीण आणि कुठला ठिसूळ हे बोट ठेवून सांगितलं; कठीण थर पुढं आलेला असतो आणि ठिसूळ आत खचलेला. चित्रातल्या खडकाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्याची गरजही पडली नाही.

लोणारचा उल्लेख केला तो नुसत्या मापापुरता नाही. पृथ्वीवर उल्केची विवरं बरीच आहेत, पण बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या लाव्हाच्या खडकात झालेली आणि इतकी चांगली टिकलेली फार थोडी. मंगळाचं कवच मुख्यतः बेसाल्टचं. त्यामुळं मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्याला पृथ्वीवर नमुना हवा असेल तर तो बुलढाणा जिल्ह्यात येतो. लोणार ज्वालामुखीचं तोंड असावं असं फार दिवस मानलं जायचं. 1973 मध्ये फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं खोल छिद्रं घेऊन निघालेल्या खडकांत आघाताच्या खुणा दाखवल्या आणि वाद मिटला. वयाचा वाद अजून आहे. एका पद्धतीनं पन्नास हजार वर्षांच्या आसपास उत्तर येतं, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीनं पाच लाख सत्तर हजार.

पर्सिव्हरन्सच्या भागाकडं वळण्याआधी वाचकानं लोणारला एकदा जाऊन यावं असं मी आग्रहानं म्हणेन. बेसाल्टमधला खड्डा, खड्ड्यात खारट तळं, ईशान्येकडून काठ कापून आत उतरणारी धार आणि तिनं आणलेल्या गाळाचा तळ्याकाठी पसरलेला पंखा, हे सगळं काठावर उभं राहून एका नजरेत दिसतं. मग जेझेरोचं चित्र उघडा. तिथंही विवर, पश्चिमेकडून काठ फोडून आलेलं नदीचं कोरडं पात्र, आणि तोंडाशी गाळाचा त्रिभुज प्रदेश. फरक एवढाच की तिथलं तळं साडेतीनशे कोटी वर्षांच्या आसपास मागचं आणि आपल्याकडचं अजून ओलं आहे. इतकं जिवंत, की जून 2020 मध्ये खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं ते गुलाबी झालं आणि मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांना लोणार अचानक आठवलं. जेझेरोत जीवाणू होते का, हाच तर पर्सिव्हरन्सचा शोध. 2024 च्या जुलैत त्याच जुन्या नदीपात्रात ‘चेयावा फॉल्स’ नाव दिलेला एक खडक सापडला. त्यावर बिबट्याच्या कातडीवर असतात तसे, कड गडद आणि आत फिकट, असे ठिपके आहेत. पृथ्वीवर असे ठिपके सूक्ष्मजीवांच्या करणीनं होऊ शकतात, आणि जीवाशिवाय निव्वळ रासायनिक क्रियेनंही. सप्टेंबर 2025 मध्ये यावरचा शोधनिबंध आला तेव्हा शास्त्रज्ञांनी ‘संभाव्य’ हा शब्द सोडला नाही. आपल्याकडच्या बातम्यांनी तो पहिल्याच ओळीत सोडला.

आता माझं खरं म्हणणं. ही चित्रं पाहून पाटोद्याच्या माणसाला पहिली गोष्ट सुचते ती ‘हे तर आपल्यासारखंच’. आपण बालाघाटावर राहतो. पायऱ्या-पायऱ्यांचे सपाट माथ्याचे डोंगर, उघडे माळ, विखुरलेले काळे दगड, उन्हाळ्यात रंग उडालेली जमीन. गेल विवरातल्या त्या डोंगराच्या पायथ्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही डोंगरकिन्हीच्या बाजूला फिरल्यासारखं वाटलं. हे ओळखीचं वाटणं चांगलंच. त्याशिवाय माणूस चित्रापाशी थांबत नाही. पण तिथंच थांबला तर फसतो. आपल्या डोंगरांच्या पायऱ्या लाव्हाच्या आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, त्यांचे थर आपण घाटात पाहतो. गेलच्या त्या डोंगराचे खालचे थर गाळाचे आहेत, तळ्याच्या तळाशी बसलेल्या बारीक चिखलाचे. दिसायला सारखे, पण एक आगीचा आणि दुसरा पाण्याचा. याउलट जेझेरोचा सपाट तळ गाळाचा निघेल असं पुष्कळांना वाटत होतं, आणि पर्सिव्हरन्सनं तपासलं तर तो अग्निजन्य खडक निघाला. तो आपल्या बालाघाटाच्या सोयऱ्यांतला. म्हणजे जे आपल्यासारखं दिसलं ते वेगळं, आणि ज्याला कुणी आपलं म्हटलं नसतं ते जवळचं.

रंगानंही तशीच फसगत होते. बरीच प्रसिद्ध चित्रं पृथ्वीवरच्या उजेडात खडक कसे दिसतील त्या हिशेबानं रंग बदलून दिलेली असतात. भूशास्त्रज्ञांना खडक ओळखायला ते सोयीचं पडतं. त्यामुळं आभाळ निळसर होतं आणि आपण म्हणतो, अरे, हा तर आपलाच माळ. मूळ चित्रात धुळीमुळं आभाळ मातकट पिवळं असतं. निळं दिसतं ते मावळत्या सूर्याभोवती. क्युरिऑसिटीनं 2015 च्या एप्रिलमध्ये टिपलेला सूर्यास्त इथं दिला आहे, त्यात आपल्या संध्याकाळचे रंग उलटे झालेले दिसतील. मंडळींनी प्रत्येक चित्राखाली ‘मूळ रंग’ की ‘बदललेले रंग’ हे लिहिलं आहे, आणि ते वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये.

पण काही ठिकाणी आपली ओळखीची नजर खरोखर कामाला येते. गेल विवरातल्या ‘पाँटूर’ या जागेचं चित्र घ्या. क्युरिऑसिटीनं ते 2021 मध्ये टिपलं. खडकावर काही सेंटिमीटरचे षटकोन उमटले आहेत, कडांना पांढरट उंचवटा. पाझर तलाव आटला की तळाला भेगा पडतात, त्या आपण दर उन्हाळ्यात पाहतो. त्या भेगांकडं वाकून कधी पाहिलंय का? पहिल्यांदाच सुकलेल्या चिखलात एक भेग दुसरीला काटकोनात येऊन आदळते, इंग्रजी टी अक्षरासारखी. तोच चिखल पुन्हा भिजला, पुन्हा सुकला, असं खूपदा झालं की तोच सांधा हळूहळू वायसारखा तीन फाट्यांचा होतो आणि षटकोन तयार होतात. पाँटूरच्या खडकात वायचे सांधे आहेत. म्हणजे ते तळं एकदा आटून संपलं नाही; तिथं पाणी येत होतं, जात होतं, परत येत होतं, ऋतूसारखं. 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं गेलं. त्याचं महत्त्व असं की भिजण्या-सुकण्याच्या अशा फेऱ्यांत साध्या रेणूंपासून गुंतागुंतीचे रेणू बनू शकतात, असं मानलं जातं. आमच्या गटातल्या एका मुलीनं पाटोद्याजवळच्या तलावात जाऊन टी आणि वाय दोन्ही शोधले, फोटो काढले आणि पाँटूरच्या शेजारी छापले आहेत. वर ‘एकही छायाचित्र आपल्या भागातलं नाही’ असं म्हटलं, त्याला हा एक अपवाद. पुस्तकात मला सर्वांत आवडलेलं पान हेच.

गोल गोट्यांचं पानही तसंच. उतरल्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच क्युरिऑसिटीला खडकात रुतलेले गुळगुळीत गोटे सापडले. वाऱ्यानं एवढे गोटे लांबवर वाहून येत नाहीत. मांजरेच्या पात्रात वाढलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल न लिहिता पुढं जावं असं वाटत होतं, पण इलाज नाही. दर ऑगस्टला ‘आज मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप येतो. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ पृथ्वीच्या खरोखर फार जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता. तेव्हापासून तो निरोप मरायला तयार नाही. 2022 च्या मे महिन्यात ‘मंगळावर दरवाजा सापडला’ म्हणून गेल विवरातल्या एका कपारीचं चित्र फिरलं. त्या ‘दरवाज्या’ची उंची फूटभर. खडकातल्या दोन-तीन भेगा एकमेकींना मिळाल्या आणि मधला तुकडा निसटला, एवढंच. आता तर यंत्रानं रचलेली खोटी मंगळचित्रंही येतात, खऱ्याहून सुंदर. म्हणून या पुस्तकात रोव्हरच्या प्रत्येक चित्राखाली त्याचं नाव, कॅमेरा आणि सोल क्रमांक दिला आहे. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, आपल्या दिवसाहून चाळीस मिनिटांनी मोठा. रोव्हर उतरल्यापासून ते मोजतात. हे तीन तपशील ज्याच्याखाली नाहीत ते चित्र पुढं पाठवू नका, मग ते कितीही देखणं असो.

आपल्या मंगळयानाचं एकच चित्र इथं आहे, आणि काहींना ते कमी वाटेल. 24 सप्टेंबर 2014 ला ते कक्षेत पोचलं याचा अभिमान मलाही आहे. पण ते वरून फिरणारं यान होतं, आणि पुस्तक जमिनीवरून पाहिलेल्या विवरांचं आहे.

मुलांनी आणखी एक प्रश्न लावून धरला होता, तो इथंच निकाली काढतो. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं देतात, लोकसंख्या एक लाखाच्या आतली. भोर नावाचं विवर तिथं आहे. लोणार नावाचंही आहे. मग पाटोदा का नाही? लोकसंख्येची अट आपण सहज पुरी करतो. पण नाव कुणी मागितलं म्हणून मिळत नाही. एखाद्या विवराचा अभ्यास करणाऱ्याला नावाची गरज पडली तरच आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना ते ठरवते. तेव्हा पाटोद्याचं नाव हवं असेल तर तो अभ्यास करणारं माणूस आधी इथून निघायला हवं. राहता राहिलं पूना. तेही विवर मंगळावर आहे, आणि लाखाच्या आतली अट पुण्याला कशी लागू झाली हे मला विचारू नये. पुण्याला नियम कुठं लागू होतात?

शेवटी एक भांडण. जेझेरोतल्या ‘कोडियाक’ नावाच्या एकट्या उभ्या टेकाडाच्या चित्राला मंडळींनी ‘मंगळावरचा सौताडा’ असा मथळा दिला आहे. चित्र फार सुंदर आहे. टेकाडाच्या कड्यात खाली आडवे थर, मध्ये तिरके, वर पुन्हा आडवे असे स्पष्ट दिसतात. नदी तळ्यात शिरताना गाळ असाच टाकते, आणि त्या तिरक्या थरांवरून तळ्याचं पाणी कुठवर होतं ते काढता आलं. पण आपल्या सौताड्याच्या धबधब्याचा कडा लाव्हाचा. विंचरणा नदीनं तो कापला आणि तिथून ती खाली उडी घेते. कोडियाक नदीनं रचलं आणि सौताडा नदीनं कोरला, तर दोघांना एक नाव कसं देता? मंडळी म्हणाली, सर, लोक मथळा बघूनच पान उघडतील. बरीच घासाघीस होऊन मथळा तसाच राहिला आणि माझा आक्षेप त्याच पानावर बारीक टायपात छापायचं ठरलं. टाईप जरा जास्तच बारीक झाला आहे, चष्मा जवळ ठेवा.

पाटोदा, जि. बीड